व्याह्याचं अंथरूण

झुंबरबाईला पाहुण्यांची किळस यायची. जेवायला घालायचं असेल तर वीस माणसं येवोत, तिच्या कपाळाला आठी पडायची नाही. भाकरी खाल्ली, ताट राखेनं घासलं, संपलं. पण माणूस रात्री मुक्कामाला राहिला की तो अंथरुणात उरतो. त्याचं तेल उरतं, घाम उरतो, तपकीर उरते, आणि कधीकधी सांगू नये तेही उरतं. सकाळी पाहुणा हसत हसत रामराम करून निघतो आणि मागे हे सगळं घरच्या बाईच्या हातात ठेवून जातो. शी!

जामनेरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात, गाडीरस्त्याला लागून, तिचं घर होतं. नवरा चुडामण गावचा पाटील. सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. बाजाराला जाणारा असो, सोयरीक बघायला निघालेला असो नाहीतर अंमलदार असो, दिवस कलला की त्याची पावलं पाटलाच्या ओट्याकडे वळायची. आणि चुडामणला तर माणसांची भारी हौस. तो पारावरूनच हाक मारायचा, "राहा की भाऊ, खाट टाकतो." खाट टाकायचं त्याचं तोंड, आणि हात मात्र झुंबरबाईचे. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं.

एकदा एक अंमलदार दोन दिवस राहिला, तो पायाच्या भेगा गोधडीच्या टोकानं खरवडत बसायचा. एक मामेसासरे होते, त्यांच्या बोटाला तंबाखूचा चुना राहिला की ते तो खाटेच्या सुंभाला पुसायचे, आणि वर म्हणायचे, सुंभ चिवट होतो. बोदवडचा कुणी लांबचा भाचा उशीवर भाकरीएवढा तेलाचा डाग पाडून गेला होता. झुंबरबाई सकाळी उशी नाकाशी न्यायची आणि लगेच तोंड फिरवायची. आळीतल्या बाया तिला त्यावरून चिडवायच्या. चिडवा म्हणायची ती, तुमच्या घरात ढेकूण किती आहेत ते मला ठाऊक आहे.

पाहुणा वळणाआड गेला की खाट अंगणात आडवी व्हायची. खुरांच्या सांध्यांत उकळतं पाणी, मग रॉकेलमध्ये बुडवलेलं कोंबडीचं पीस, मग दिवसभर ऊन. खानदेशातल्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण ढेकूण मारायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गोधड्या राखेच्या पाण्यात उकळून नदीवर आपटायच्या. पाहुण्यांचं अंथरूण वेगळ्या वळणीवर, घरच्यांचं वेगळ्या. चुकून एकाची गोधडी दुसऱ्या वळणीवर गेली तर ती पुन्हा नदीवर जायची.

आता कापसाचा मुलूख म्हणावा, तर त्या घरात गादी एकच होती. हंगामात एक अख्खी खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची. पोरं त्यात उड्या मारायची आणि मार खायची. पण निजायचं ते जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांवर, नाहीतर घोंगडीवर. कापूस गाडीत भरायचा असतो, त्यावर अंग टाकायचं नसतं, असंच सगळ्यांना वाटायचं. ही एक गादी झुंबरबाईनं नवऱ्याशी भांडून करवून घेतली होती. स्वतःच्या हातानं निवडलेला कापूस, स्वतः काढलेली सरकी. जामनेरहून पिंजारी बोलावला, त्यानं दोन दिवस ओसरीत बसून कापूस पिंजायची तात वाजवली. गादी कुणासाठी? तर लेक तानू पहिल्या बाळंतपणाला येणार होती तिच्यासाठी. परक्या माणसाच्या अंगाचा वाससुद्धा त्या गादीला लागलेला नव्हता.

तानू शिरपूरकडे दिलेली. तीन वर्षं झाली होती लग्नाला. घर मोठं, माणसं मातब्बर, तिचा सासरा अभिमन म्हणजे पंचक्रोशीत मान. सातव्या महिन्यात तानू माहेरी आली तेव्हा झुंबरबाईनं तिला न्हाऊ घालायला बसवलं आणि तिची पाठ पाहून ती थबकली. पाठीवर, दंडांवर, घोट्यांवर लाल-काळे ठिपके, काही खाजवून चिघळलेले. "काय गं हे?" तर तानू म्हणाली, पाणी मानवलं नाही तिकडचं. झुंबरबाईनं मान डोलावली आणि करंजाचं तेल लावलं. महिन्याभरात पाठ साफ झाली. पुढे मुलगी झाली. मायलेकी दोघी त्या गादीवर तीन महिने निजल्या. तानूच्या गालांवर मांस चढलं.

मग निरोप आला की सूनबाईला न्यायला खुद्द अभिमनआबा येताहेत, सोबत जावईबापू मगन. सासरा स्वतः न्यायला येतो म्हणजे केवढा मान. चुडामण तर आनंदानं वेडा व्हायचा राहिला होता. ओटा सारवून घेतला, दारी पाणी मारलं, गावात चार ठिकाणी सांगून आला. दुपारी त्यांची बैलांची दमणी दारात थांबली. रात्रीचा मुक्काम, सकाळी तानूला घेऊन परत, असा बेत.

चुडामण स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाला, "आबा गादीवर निजतील."

"कोन्या गादीवर?"

"घरात गाद्या किती हायेत?"

झुंबरबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "ती बाळंतिणीची हाये. इटाळ लागंल त्यायले."

"सव्वा महिना होऊन दोन महिने उलटले. इटाळ कसला?"

"पोरगी कुठी निजंल?"

"तुझ्यापाशी. एका रात्रीनं काय होतं? अगं, हे तानूसाठीच हाये." आणि इथे मात्र चुडामण अगदी कळवळून बोलला. त्यांच्या भावकीत व्याह्याची सरबराई जेवणावर मोजत नसत. पुरणपोळी सगळेच घालतात. व्याही गावी परतला की पारावर पहिला प्रश्न यायचा, अंथरूण कसं होतं? खाट होती का? खाट घरधन्याच्या खाटेपेक्षा उंच होती का? खालच्या आळीतल्या पुनानं व्याह्याला घोंगडीवर निजवलं होतं, तर त्याच्या लेकीला सासरी अकरा वर्षं त्या घोंगडीवरून बोलणी खावी लागली. बापानं अंथरूण चांगलं दिलं तर लेक सुखात निजते, असा तिकडे सगळ्यांचा पक्का समज. झुंबरबाईचाही होता. म्हणून तर तिनं तानूला हाक मारली आणि दोघींनी मिळून गादी खोलीतून बाहेर काढली.

अभिमनआबा दिसायला देखणा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, पागोट्याला मोत्याचा तुरा शोभावा असं कपाळ, कानात भिकबाळी. पण झुंबरबाईचे डोळे माणसाच्या पागोट्यावर कधीच टिकत नसत. तिला त्याची बोटं दिसली. उजव्या हाताची दोन बोटं तपकिरीनं तांबडी झाली होती. तो चिमूट ओढायचा, शिंकायचा, आणि बोटं जिथे हात पडेल तिथे पुसायचा. ओट्याच्या खांबाला पुसली, धोतराच्या आत पुसली, पाण्याच्या तांब्याला पुसली. जेवताना त्यानं ढेकर दिली ती माजघरापर्यंत ऐकू आली. याच्या डोक्याखाली माझ्या तानूची उशी जाणार, एवढंच झुंबरबाईच्या मनात फिरत होतं.

जेवणं झाल्यावर चुडामण खाटेकडे वळला, तर आबा त्यांच्या शिरपूरकडच्या बोलीत म्हणाले, "तुम्ही राहू द्या पाटील. मना अंथरून सूनबाईच घाली. तिले बठ्ठं ठाऊक शे."

हा त्यांच्या घरचा नेम होता. सासऱ्याचं अंथरूण सुनेनं घालायचं, मग सून माहेरी का असेना. चुडामणला त्याचंही कौतुकच वाटलं. तानू डोक्यावरून पदर ओढून पुढे झाली. झुंबरबाई माजघराच्या दाराआडून बघत राहिली.

तानूनं आधी तळहातानं सुंभ दाबून पाहिला, सैल होता तिथे ओढून घट्ट केला. खाटेचं डोकं किंचित वर यावं म्हणून दोन खुरांखाली चपटे दगड सारले. खाली घोंगडी, वर गादी, वर धुतलेली चादर, चादरीची घडी पायाकडून चार बोटं आत. उशी दोनदा थोपटून मधे खळगा केला. उशाशी डावीकडे पिकदाणी, उजवीकडे पाण्याचा तांब्या, तपकिरीची डबी उशाखाली, पण हाताला लागेल अशी. पायथ्याशी एक गोधडी तिहेरी घडी घालून, कारण आबांना पाय उंच लागत. कुणी काही सांगितलं नाही, विचारलं नाही. तिचे हात आपसूक चालत होते. मगन तिथेच ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर करून पाहिलंही नाही.

आबा आडवे झाले. एका कुशीवर वळले, दुसऱ्या कुशीवर वळले. मग गादीला नाक लावून म्हणाले, "गादी चांगली शे. पण इले दूधना वास येस."

तानू तशीच आत धावली आणि बाळाचं नुकतंच धुतलेलं मऊ दुपटं घेऊन आली. ते तिनं सासऱ्याच्या तोंडाखाली पसरलं. आबांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि त्या दुपट्यालाच नाक पुसून डोळे मिटले. दाराआड झुंबरबाईनं पदर नाकाला लावला. माणसाला लाज नावाची वस्तू देव देतो की नाही? आणि माझा नवरा बघा, हात जोडून उभा आहे.

ती आत गेली. चुलीपाशी सारवण केलं, भांडी पालथी घातली, आपल्या शेजारी तानूसाठी दोन गोधड्या टाकल्या, त्यातली बरी वर घातली. मागे वळून पाहिलं तर तानू नाही. ओसरीत नाही, खोलीत नाही. शेवटी मागच्या बाजूला, गोठ्याकडे उघडणाऱ्या दाराशी ती दिसली. जमिनीवर एक रिकामं पोतं पसरून, दाराला आडवी, गुडघे पोटाशी घेऊन निजली होती. तान्ही पोर तिच्या अंगावर. जमिनीला लागू नये म्हणून तिनं तिला पोटावर घेतलं होतं.

"तानू, इथी काय?"

तानू दचकून उठली. ती उठली तेही पोतं गोळा करतच उठली, कुणीतरी यायचंय आणि वाट द्यायचीय अशी. "पाव्हणे शेतस ना, माय."

तीन वर्षांत लेकीच्या तोंडात शिरपूरची बोली बसली होती. झुंबरबाई तिच्याजवळ टेकली. "पाव्हणे ओट्यावर हायेत. तुझी जागा आत केली मी."

"सवय झाली. पाव्हणे आले की मी अशीच निजते."

मग तिनं एकेक विचारलं आणि तानूनं एकेक सांगितलं. सासरच्या घरात खाटा सात. पण माणसांचा राबता रोजचा. कुणी कापसाचे दलाल, कुणी सोयरे, कुणी आबांचे दोस्त. पहिल्या महिन्यात तिची गोधडी गेली, पाहुण्याला कमी पडली म्हणून. मग माजघरातली जागा गेली, आत्यासासूबाई राहायला आल्या म्हणून. मग सरकीच्या खोलीत, आणि ती खोली भरली की गोठ्याच्या दाराशी, पोत्यावर. बरंही पडतं तिथे, रात्री कुणाला पाणी लागलं, दार उघडायचं झालं, तर जवळच. पोटुशी होते तेव्हाही तिथेच. गुरांच्या पिसवा फार, बाकी काही नाही.

"आन् मगन?"

"ते ओट्यावर निजतात, पाव्हण्यांसंगं. त्यांना काय ठाऊक."

हे सगळं ती जराही न रडता सांगत होती. त्याचीच झुंबरबाईला सर्वांत जास्त शिसारी आली. पाणी मानवलं नाही म्हणे! पिसवांनी फोडलेली पाठ आपल्याच हातांनी चोळली आणि आपल्याला कळलं नाही. साऱ्या गावाच्या गोधड्यांतले ढेकूण ओळखणारी मी बाई! दुसरंही तिला आठवलं. लग्नात पाठवणीच्या वेळी तानूच्या कानात तिनंच सांगितलं होतं, पोरी, पाहुण्याचं अंथरूण आधी घाल, आपलं मागून. पोरीनं ते पाळलं होतं. झुंबरबाईला स्वतःच्या तोंडाची किळस आली. तिनं तानूला हाताला धरून आत नेलं आणि गोधडीवर निजवलं. तानू निजली, पण कडेला, जागा अडवायची नाही अशी.

सकाळी ओट्यावर पाच-सात माणसं जमली होती. चहा झाला. आबा अजून गादीवरच मांडी घालून बसले होते आणि जमलेल्यांना सांगत होते, "अशी गादी बठ्ठा शिरपूर तालुकाम्हा नही. पाटील, तुम्हनी लाज राखी." चुडामणची छाती फुगली. बैल जुंपले होते. तानूची ओटी भरून झाली होती, ती बाळाला खांद्याशी धरून उंबऱ्यात उभी होती.

झुंबरबाई तिच्या बाजूनं निघून ओट्यावर आली. बायका पुरुषांच्या बैठकीत येत नसत, आणि व्याह्यासमोर तर नाहीच. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"आबा, एक इचारायचं हाये. माही तानू तुमच्या घरी कुठी निजते?"

आबा हसले. "घरम्हाच निजस. आखो कोठे निजी?"

"घरात कुठी? कोन्या खोलीत? अंगाखाली काय असतं?"

"झुंबर, आत जाय," चुडामण म्हणाला.

"जाते. उत्तर ऐकून जाते." ती आबांकडेच बघत होती. "काल माह्या पोरीनं तुमचं अंथरूण घातलं. तुमाले पाय किती उंच लागतात ते तिले ठाऊक. पिकदाणी कोन्या हाताले लागते ते ठाऊक. ती कुठी निजते ते तुमाले ठाऊक हाये का?"

आबांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली. बायामाणसांचं बायामाणसांनी बघावं, असं काहीतरी ते पुटपुटले आणि मुलाकडे पाहिलं. सगळेच मगनकडे पाहू लागले. मगन तेवीस-चोवीस वर्षांचा, मिशीला पीळ दिलेला तरुण. त्यानं बायकोकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"माजघरम्हा निजत व्हई," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मले ठाऊक नही."

चुडामणच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. या ओट्यावर पंचवीस वर्षांत कोण कुठल्या खाटेवर निजलं, कुणाला उशी उंच लागली, कुणाला वारा बाधला, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. तो जावयाकडे बघत राहिला.

"गोठ्याच्या दाराशी निजते," झुंबरबाई म्हणाली. "पोत्यावर. पोटात तुमचं लेकरू होतं तवाबी तिथीच. घरात सात खाटा, आन् हिच्या पाठीवर पिसवांची भोकं. थू असल्या मोठेपणावर. तानू येणार नाही आज. तिची जागा कुठी हाये ते जवा सांगता येईल, तवा या न्यायले."

आता आबा उठले. कालपासूनचं सगळं हसू निघून गेलं होतं. "पाटील, बाईले आवर घाला. नहीतर मी मना पोऱ्यानं दुसरं लगीन लाई दिसू."

ही धमकी पोकळ नव्हती. दुसरी बायको करणं त्या काळी काही अवघड नव्हतं, आणि टाकलेल्या बाईचं काय होतं ते ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. झुंबरबाईलाही ठाऊक होतं.

"करा," ती म्हणाली. "तिले कुठी निजवायचं ते तेवढं आधी ठरवून ठेवा."

दमणी रिकामी गेली. मगननं वळणावर एकदा मागे पाहिलं, पण बैल थांबवले नाहीत. माणसं एकेक करून ओट्यावरून उतरली. चुडामण तिथेच खांबाला टेकून बसला. समोर खाटेवर गादी तशीच पडली होती, मधोमध आबांच्या अंगाचा खोल खड्डा, त्यावर तपकिरीनं माखलेलं बाळाचं दुपटं.

तानू अजून उंबऱ्यातच उभी होती. पोर खांद्यावर झोपून गेली होती. ऊन चांगलं अंगणात उतरलं होतं, दिवसाची सगळी कामं पुढे पडली होती, आणि तिनं आईला अगदी साध्या आवाजात विचारलं,

"माय, आता मी कुठी निजू?"

झुंबरबाईनं गादीवरचं दुपटं काढून टाकलं आणि गादी ओढून अंगणातल्या उन्हात घातली.